ओढ्याच्या अंगानं

मोजणीवाली माणसं आली तेव्हा भागिरथीनं त्यांना माठातलं गार पाणी दिलं, आणि हे तिला पुढं कितीतरी दिवस खात राहिलं.

तिसगावच्या पुढं, डोंगराच्या पायथ्याला तिची संत्र्याची बाग होती. बागेतच दोन खोल्यांचं घर. नवरा गेल्यापासून सातबाऱ्यावर तिचंच नाव होतं. मुलगा प्रवीण पुण्याला नोकरीला, सणासुदीला यायचा आणि दुसऱ्या दिवशी निघायचा. एवढ्या झाडांचं एकटीनं कसं होणार? पण एकटी ती नव्हतीच. ओढ्याला लागून बनुबाईचं घर आणि दोन एकर रान होतं. दोघी एकाच उन्हाळ्यात सासरी आल्या होत्या. दुष्काळात टँकरचं पाणी हंड्यानं झाडाझाडाला घातलं तेव्हा दुसरा हंडा बनुबाईच्या डोक्यावर होता. बनुबाईचं घर बौद्ध वस्तीतलं शेवटचं. ती दोन एकर तिच्या सासऱ्यानं हयातभर कचेऱ्यांचे उंबरठे झिजवून नावावर करून घेतली होती. म्हातारा मरताना पोरांना म्हणाला होता म्हणे, "बाकी काय बी इका, ही इकू नका."

त्या सकाळी दोघी झाडांच्या बुंध्यांना रोग लागू नये म्हणून बोर्डो पेस्ट लावत होत्या. डोक्यावर घरघर ऐकू आली. बनुबाईनं मान वर केली.

"आक्का, ते बघा. लग्नात फिरवत्यात तसलं."

ड्रोन बागेवरून सावकाश गेला, परत आला, ओढ्यापर्यंत जाऊन पुन्हा परत आला. दुपारी गाडी आली. तीन पायांचं यंत्र उतरलं. पोरं शिकलेली, बोलायला गोड होती. पाणी प्यायली, संत्री खाल्ली. काय चाललंय म्हणून भागिरथीनं विचारलं तर म्हणाली, "काही नाही मावशी, नुसतं बघतोय." आणि जाताना बागेत ओळीनं पिवळ्या डोक्याचे दगड रोवून गेली.

महिन्याभरानं ग्रामपंचायतीच्या भिंतीवर कागद लागला. मोठा रस्ता होणार होता, गाड्या एका समुद्रावरून दुसऱ्या समुद्रावर नेणारा. त्यात भागिरथीचा गट होता. बनुबाईचा नव्हता.

तरी सुनावणीला बनुबाई बरोबर गेली. तालुक्याच्या गावी भूसंपादनाच्या साहेबांसमोर माणसांची रांग होती. साहेब तरुण होते, आवाज चढवत नव्हते.

"मावशी, सार्वजनिक कामाला जमीन लागली की मालकाचा होकार लागत नाही. हरकत मात्र घेता येते."

"आन हरकत घेतल्याव काय व्हतं?"

"नोंद होते."

बनुबाईला राहवलं नाही. "साहेब, एकदा झाडं तरी बघाया या. लेकरावानी वाढीवलीत आक्कानं."

साहेब हसले. "बघितलीत ना. वरून."

त्यानंतर गावात काहीतरी बदललं. काय ते बोट ठेवून दाखवता आलं नसतं. शेजारच्या गटवाल्यांनी एकेक करून संमती दिली आणि बांधावर भेटले की ते भलतीकडंच बघू लागले. बागेला वीज देणारी डीपी जळाली. वायरमन आला, वर बघत उभा राहिला आणि म्हणाला, "काकू, ह्या पट्ट्यात नवीन काम करायचं न्हाई, असं सांगितलंय." कोणी सांगितलं ते त्याला माहीत नव्हतं. जमीन अजून तिची होती, झाडांवर फळ होतं, पण सगळे जण ती जागा आत्ताच पुसली गेल्यासारखे वागत होते. भागिरथीला रानात चालताना पहिल्यांदाच आपण कुणाच्या तरी परवानगीनं चालतोय असं वाटलं.

तिनं प्रवीणला फोन केला. तो म्हणाला, "आई, तू आता कुठं जाऊ नको, काही बोलू नको. मी एका माणसाला सांगितलंय."

तो माणूस पांढऱ्या गाडीतून आला. कारभारी नाव त्याचं. काय करतो ते कुणी सांगत नव्हतं, पण तलाठी त्याला बघून खुर्चीतून उठायचा. पायातला बूट न काढता तो ओट्यावर बसला. संत्रं सोललं, एकेक फोड चघळत बागेकडं बघत राहिला.

"रस्ता म्हंजी काय हो काकू, एक रेघ. हिकडं घ्या न्हाईतर तिकडं घ्या. जरा ओढ्याच्या अंगानं सरकली की तुमचं समदं शाबूत."

ओढ्याच्या अंगाला काय आहे हे भागिरथीला ठाऊक होतं. तिच्या ओठावर आलं होतं. पण समोर बाग होती, फांद्या फळांनी वाकल्या होत्या आणि प्रवीणनं एवढी खटपट केली होती. ती आत गेली आणि कारभारीसाठी पिशवीभर संत्री बांधून घेऊन आली.

पुढच्या आठवड्यात ती सकाळी बागेत गेली तर दगड नव्हते. नुसते खड्डे होते, ओल्या मातीचे. तिनं पायानं माती लोटून एकेक खड्डा बुजवला. त्या दिवशी तिनं गोड केलं. एकटीनंच खाल्लं. बनुबाईला हाक मारावी म्हणून ती दारापर्यंत गेली आणि तिथूनच परतली.

बनुबाई आपण होऊनच आली, चार दिवसांनी. ओट्याच्या कडेला टेकली. घामेजलेलं तोंड पदरानं पुसलं.

"आक्का, माझ्या बी हितं आले व्हते. भिंतीवर पिवळी फुली मारून गेले. घर, आन ओढ्याकडचं एक एकर."

भागिरथी हातातलं धान्य पाखडत राहिली. सुपाचा आवाज थांबला असता तर काहीतरी बोलावं लागलं असतं.

"सुनावनीला बोलीवलंय," बनुबाई म्हणाली. "पोरांना कंपनीतून सुट्टी न्हाई. तुमी येताल ना?"

तिनं दुसरं काही विचारलं नाही. तुमचे दगड कुठं गेले, असंही नाही. ओढ्याकडं चालत गेली तेव्हा भागिरथीला तिची पाठ लहान दिसली, वाकलेली. भागिरथीनं सूप खाली ठेवलं.

प्रवीणला कळलं तेव्हा तो गाडी काढून थेट गावाला आला. "तू तिथं जाऊन काय सांगणार? पहिली रेघ आपल्या रानातून होती, असं? मग काय होईल कळतंय का तुला?"

"कळतंय."

"मी किती जणांच्या पाया पडलो, आई."

"तू माझ्यासाठी केलंस, रे. पन ती बनू हाय."

त्याच संध्याकाळी पांढरी गाडी बांधाशी थांबली. कारभारी खाली उतरला नाही. काच अर्धी खाली करून म्हणाला, "काकू, दगड एकदा हलले ना, की मंग ते कुटं जाऊन बसत्याल ह्याचा नेम न्हाई. मी सांगायचं काम केलं." त्याच्या आवाजात राग नव्हता. पावसापाण्याचं बोलावं तसं तो बोलला आणि काच वर गेली.

सुनावणीला तेच साहेब होते. बनुबाईनं आपलं सांगितलं: सासऱ्यानं जमीन कशी मिळवली, घर कसं बांधलं, आता या वयात कुठं जाऊ. साहेबांनी नोंद केली. मग भागिरथी पुढं झाली.

"साहेब, हा रस्ता माझ्या बागेतून जानार व्हता. मोजनी झाली व्हती, दगड रोवले व्हते. मी हरकत घेतली तवा तुमीच म्हनलात, हरकतीनं फकस्त नोंद व्हती. मंग रेघ वळली कशानं?"

साहेबांचं पेन थांबलं. बाजूच्या टेबलावरच्या कारकुनानं वर बघितलं. 

"तुम्ही स्वतःच्या जमिनीविरुद्ध बोलताय, हे लक्षात येतंय का मावशी?"

"मी जमिनीविरुद्ध न्हाई बोलत. कुनाच्या सांगन्यावरनं वळली, ते इचारते."

"लेखी द्या," साहेब म्हणाले. ते पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत बघत नव्हते.

तिनं लेखी दिलं. बाहेर आल्यावर बनुबाई रसवंतीच्या बाकावर मटकन बसली.

"कशाला बोललात, आक्का? मला त्याच दिशी कळलं व्हतं, खड्डे बुजिवले त्या दिशी. मी काय म्हनले का तुमाला?"

"न्हाई म्हनलीस."

"आता तुमचं बी जाईल."

"जाऊ दे," भागिरथी म्हणाली आणि रसाचा ग्लास तिच्याकडं सरकवला.

मग बराच काळ काही झालं नाही. मृगाच्या बहाराला ताण द्यायचा, म्हणजे फुलं यावीत म्हणून झाडांचं पाणी तोडायचं, की नाही, हेच भागिरथीला ठरवता येईना. पाणी तोडलं आणि त्यातच बाग गेली तर झाडं तहानेली मरणार. तिनं भाड्याच्या डिझेल इंजिनावर पाणी सोडलं. बहार धरला नाही, पण झाडं हिरवीगार झाली. गावात लोक तिला बघून गप्प होत. कुणी म्हणे, म्हातारीनं सगळ्यांचंच प्रकरण उकरून काढलं. पंचायतीच्या भिंतीवर पुन्हा कागद लागला तेव्हा तो वाचायला गर्दी झाली, आणि ती आली तशी गर्दीनं वाट करून दिली, मयताच्या घरच्या माणसाला देतात तशी.

कागदात दोन्ही गट होते. तिचाही आणि बनुबाईचाही. रस्ता बागेतून जाणार होता, आणि ओढ्याच्या अंगाला त्याला उतरायचा फाटा लागणार होता. आधीच्या कागदात फाटा नव्हता. आता होता.

दोघी नगरला वकिलाकडं गेल्या, वकील संभाजीनगरच्या खंडपीठात गेला. बनुबाईच्या घराला पुढच्या तारखेपर्यंत स्थगिती मिळाली. बागेला मिळाली नाही. बागेचा ताबा कागदावर आधीच सरकारकडं गेला होता, हे भागिरथीला तेव्हा कळलं. आपल्याच घरात ती किती दिवस परकी म्हणून झोपली होती, ते कुणी तिला सांगितलंही नव्हतं.

पोकलेन आला त्या दिवशी पोलीस होते, तलाठी होता. कारभारीची गाडी लांब रस्त्यावर उभी होती. भागिरथी आडवी पडली नाही, ओरडली नाही. तिनं विनंती केली की घरापासून सुरुवात करू नका, आधी झाडं घ्या. घर रिकामं करायला तेवढा वेळ मिळेल. त्यांनी ऐकलं. पहिलं झाड मुळासकट वर आलं तेव्हा मुळांना काळी माती लोंबत होती आणि चुकार लागलेलं एक हिरवं फळ टपकन तलाठ्याच्या पायाशी पडलं. त्यानं पाय मागं घेतला. बनुबाई आत भांडी बांधत होती. मोठ्यानं रडत होती ती. भागिरथीला रडूच येईना.

प्रवीण टेम्पो घेऊन आला होता. "चल आई. पुण्याला खोली तयार आहे."

"मी हितंच ऱ्हाते."

"कुठं? इथं आहे काय आता?"

तिनं ओढ्याकडं बोट केलं.  चुलत दीर आणि भावकीतले दोघं बांधावर उभे होते, त्यांनीही बघितलं. एकानं घसा खाकरला. भागिरथीनं जन्मात कधी भावकीच्या तोंडावर त्यांच्या मनाविरुद्ध काही केलं नव्हतं. सामान टेम्पोत चढलं, आणि टेम्पो पुण्याकडं न जाता बनुबाईच्या दाराशी जाऊन उभा राहिला. प्रवीणनंच तिचा पलंग आत लावला. निघताना तो बनुबाईच्या पाया पडला आणि आईकडं न बघता गेला.

आता दोघी तिथंच राहतात. तारखा पडतात. वकील दर वेळी म्हणतो, या वेळी स्थगिती वाढली, पुढचं सांगता येत नाही. बागेच्या जागी खोल चर गेला आहे आणि त्याची कड रोज थोडी घराकडं ढासळते. ओढ्याचं पाणी कुठंतरी खालीच मुरतं. बनुबाईच्या विहिरीचा तळ दिसू लागला आहे. भिंतीला पडलेली भेग त्यांनी मातीनं लिंपली होती, ती पुन्हा उकलली, पहिल्यापेक्षा रुंद.

परवा दुपारी दोघी जेवायला बसल्या होत्या. चरात रोज दुपारी तीनदा सुरुंग उडवतात, दर वेळी आधी शिट्टी होते. पहिली झाली. बनुबाईनं घास तसाच हातात धरला. जमीन खालून हलली, फळीवरची ताटं किणकिणली, छपरातून बारीक माती भाकरीवर पडली.

भागिरथीनं भाकरी झटकली, मोडली, अर्धी बनुबाईच्या ताटात ठेवली.

"खा," ती म्हणाली. "अजून दोन शिट्ट्या व्हायच्यात."