तिकिटावर सुभद्रा, माझ्यावर शेवंती

खट्.

फार वर्षांपूर्वी लालबागच्या एका म्युनिसिपल शाळेत मी हा आवाज ऐकला. गरम प्लास्टिकमधून निघालेल्या मला कुणीतरी कटरखाली धरलं, कडा छाटल्या आणि माझा जन्म झाला. मी एक मतदार ओळखपत्र. बोलायची सवय नाही मला. मला दाखवायचं असतं, तेवढंच माझं काम.

माझ्यावरचा फोटो काळपट आहे. डोक्यावर पदर, डोळे भेदरलेले. शेजारी नाव आहे, शेवंती रामू पेडणेकर.

पण चाळीत तिला या नावाने कुणी ओळखत नाही. ती सुभद्रा. लग्न होऊन आली तेव्हा घरात मोठ्या जावेचं नाव शेवंती होतं. एका घरात दोन शेवंत्या नकोत, म्हणून ताटात तांदूळ पसरून त्यात अंगठीने सुभद्रा लिहिलं. तेच नाव रेशनकार्डावर चढलं, पुढे आधारवरही.

माझ्या वेळी मात्र बायकांची रांग वेगळी होती. तिचा नवरा रामू पुरुषांच्या रांगेत. कारकुनाने मान वर न करता विचारलं, "बाई, तुझं नाव?" तोवर तिला एकटीला असं कुणी विचारलंच नव्हतं. तिच्या तोंडून निघून गेलं, शेवंती. घरी रामूने मला वाचलं आणि हसत सुटला. म्हणाला, "मत शेवंतीचा नि भाकरी सुभद्राची. बरा आसा."

मग निवडणूक आली की मी बाहेर. बोटाला शाई लागली की परत पत्र्याच्या पेटीत. आधार आल्यावर मला कुणी विचारीनासं झालं. मुलगा हितेंद्र मोठा झाला. माझ्यावरचं नाव बघून तो म्हणायचा, सरकारी छपाईची चूक. बाईनेही त्याला कधी काही सांगितलं नाही.

परवा माझी आठवण झाली.

मुलगी अक्षदा जयपूरला असते. पहिलं बाळंतपण. जावई जहाजावर, समुद्रात कुठेतरी. दिवस भरायच्या आधीच डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी ऑपरेशन ठरवलं. फोनवर ती एवढंच म्हणाली, "आई, तू ये. मला भीती वाटते." हितेंद्रने लगेच संध्याकाळच्या विमानाचं तिकीट काढलं. सुभद्रा रामू पेडणेकर. आईचं नाव त्याला तेवढंच ठाऊक.

निघायच्या वेळी प्लास्टिकचं पाकीट उघडलं, तर आत आधारची नुसती झेरॉक्स. मूळ कार्ड आदल्या दिवशी झेरॉक्सवाल्या चिंतामणीच्या मशीनमध्येच राहिलं होतं. दुकान बंद, चिंतामणी गावाला, फोन लागत नाही. मोबाइलवर आधार उघडायला जावं, तर ओटीपी रामूच्या नंबरावर जाणार. रामू गेला, मागोमाग तो नंबरही गेला. हितेंद्रने पेटी उपसली. मी हाताला लागलो. नाव वाचून त्याच्या कपाळाला आठी पडली, पण म्हणाला, "चालून जाईल. चूक आहे म्हणून सांगू."

टॅक्सीत बाईने मला मुठीत धरलं होतं. तिच्या तळव्याचा घाम मला लागत होता.

विमानतळाच्या दारात जवानाने तिकीट पाहिलं, मला पाहिलं, परत तिकीट पाहिलं. आवाज न चढवता म्हणाला, "नाम अलग है. अंदर नहीं जा सकते." हितेंद्रने झेरॉक्स पुढे केली, मोबाइलमधला आधारचा फोटो दाखवला. जवानाने नकारार्थी मान हलवली. मागचे लोक ट्रॉल्या पुढे रेटू लागले.

बाहेरच्या तिकीट खिडकीवर मृणालिनी नावाची मुलगी होती. हितेंद्र तिला समजावू लागला, की ही जुनी चूक आहे, आईचं नाव सुभद्राच आहे. ती म्हणाली, एखाददुसरं अक्षर असतं तर बदलून दिलं असतं, अख्खं नाव नाही बदलता येत. आणि कार्डावर चूक असेल, तर खरं नाव असलेलं मूळ कागदपत्र दाखवा. ते कुठे होतं आमच्याकडे? हितेंद्रचा आवाज चढला, मग एकदम बसला. खिडकी बंद व्हायची वेळ जवळ आली होती. हितेंद्रच्या खिशात अक्षदाचा फोन वाजत होता आणि तो उचलत नव्हता.

तेव्हा बाईने मला काचेखालून आत सरकवलं.

"चूक नाय ती," ती म्हणाली. "माझाच नाव ता. मीच सांगितलेला."

हितेंद्र तिच्याकडे बघतच राहिला. मृणालिनीने मला उलटंपालटं करून पाहिलं. मग मला परत सरकवत ती म्हणाली, याच नावाने नवीन तिकीट काढा, याच विमानात एक जागा आहे. इंग्रजीत 'व्ही' आहे की 'डब्ल्यू', स्पेलिंग नीट बघून सांगा. हितेंद्र माझ्यावरचं एकेक अक्षर वाचून सांगू लागला. आईचं नाव तो पहिल्यांदाच नीट वाचत होता.

तुम्हीही प्रवासाला निघणार असाल, तर माझं एक ऐका. आदल्या दिवशी आम्हाला पेटीतून काढा. मूळ आहे का बघा, झेरॉक्स नको. तिकिटावरचं नाव आणि आमच्यावरचं नाव शेजारी ठेवून वाचा. आणि घरात म्हातारी आई असेल, तर तिकीट काढण्याआधी तिला नाव विचारा. तुम्हाला माहीत असलं तरी विचारा.

परत दाराशी जाताना हितेंद्रने हळूच विचारलं, "शेवंती कोण म्हणायचं गं तुला?"

"आये म्हणायची," बाई म्हणाली. "ती गेल्यावर कोण नाय."

जवानाने मला हातात घेतलं. फोटोकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं.

"नाम?"

इतकी वर्षं ती सुभद्रा या हाकेला ओ देत आली होती. तिचे ओठ हलले, थांबले. हितेंद्रने श्वास रोखला. मीही, माझ्यात श्वास असता तर रोखला असता.

"शेवंती," ती म्हणाली. मग जरा मोठ्याने, "शेवंती रामू पेडणेकर."

जवानाने मला तिच्या हातात दिलं आणि बाजूला झाला. तिने वळून मुलाकडे पाहिलं. त्याचे डोळे भरले होते, हात अर्धा वर आला होता. तिने पदर सारखा केला, मला छातीशी धरलं आणि आत चालू लागली.