सगुणाच्या बोचक्यात काय आहे?

येडशीत स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक पिठाची गिरणी आहे. तिच्या आतल्या भिंतीवर, वजनकाट्याच्या बरोबर वर, मी टांगलेला असतो. मित्रांनो, मी एक जुना काळा फळा. काळा म्हणायचं ते सवयीनं. गिरणीतलं पीठ उडून उडून माझ्या चौकटीवर बसतं आणि दुपारपर्यंत मी म्हाताऱ्या माणसाच्या भुवयांसारखा पांढरा होतो.

माझा जन्म एका सुताराच्या पडवीत झाला. सागाच्या फळ्या जोडून, रंधा मारून, वर काळा रंग देऊन त्यानं मला उन्हात उभं केलं. मग मी बैलगाडीतून एका शाळेत गेलो. तिथं माझं आयुष्य मानाचं होतं. माझ्या अंगावर बाराखडी उमटली, पाढे उमटले, नद्यांची नावं उमटली. शाळेत तपासणीला साहेब आले की मला आधी धुऊन पुसून घेत आणि वर रंगीत खडूनं वेल काढत. सुवासिनीला हळदकुंकू लावावं तसं मला वाटायचं.

पुढं शाळेत गुळगुळीत पांढरे फळे आले. त्यांच्यावर खडू लागत नाही, रंगाची पेनं लागतात. मला उचलून मागच्या खोलीत ठेवलं. तिथं मोडक्या बाकांच्या संगतीनं मी पडून राहिलो. एका कोंबडीनं माझ्या आडोशाला अंडी घातली, पिल्लं काढली. तेवढीच काय ती सोबत. कुणी काही लिहिलं नाही की फळा नुसती फळी होतो, हे मला तिथं कळलं.

मग शाळेनं जुनं सामान काढलं तेव्हा प्रसेनजित मला घेऊन आला. गिरणी त्याची. त्याला दळणाचे भाव लिहायला काहीतरी हवं होतं. ज्वारी, गहू, हरभरा डाळ, असे तीन शब्द आणि त्यांच्यापुढं तीन आकडे. एवढंच माझं काम. भाव काही रोज बदलत नाहीत. तीच अक्षरं अंगावर घेऊन मी महिनेच्या महिने उभा असायचो.

आता क्षमाबद्दल सांगतो. ती प्रसेनजितची बायको. सकाळी पोरांना शाळेत धाडून ती गिरणीत येते, डबे वजनाला लावते, कुणाचं दळण कुणात मिसळू देत नाही. तिचे छंद साधे. तेलाच्या रिकाम्या डब्यांत ती मिरच्या लावते. रामलिंगच्या जंगलाकडून मोर ओरडला की हातातलं काम थांबवून तो कोणत्या बाजूला ओरडला हे ठरवते. रेडिओवरच्या श्रुतिका तिला आवडतात. आणि माणसं बोलायला लागली की ती ऐकत राहते. तिची आत्या जात्यावर ओव्या म्हणायची, त्या तिला पाठ आहेत.

ती गोष्टी लिहायची. मोबाईलवर लिहायची आणि नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकायची. तिथं तिला अंगठे मिळत, फुलं मिळत. एकदा तिनं नणंदेला विचारलं, "ताई, ती विहिरीची गोष्ट कशी वाटली?" नणंद म्हणाली, "लई छान. त्यात विहीर होती का?" त्यानंतर क्षमानं ग्रुपवर गोष्ट टाकली नाही.

एके दिवशी दुपारी लाईट गेली. गिरणी थांबली. पाच-सहा बायका डब्यांवर बसून होत्या. क्षमानं खडू घेतला आणि भावाच्या खाली, माझ्या मोकळ्या अंगावर लिहायला सुरुवात केली. गोष्ट छोटीच होती. सगुणा नावाची एक बाई बोचकं घेऊन तुळजापूरच्या एसटीत बसते, झोप लागते, आणि भलत्याच फाट्यावर उतरते. क्षमा अक्षर मोठं काढते, म्हाताऱ्या डोळ्यांना दिसावं म्हणून. त्यामुळं झालं असं, की सगुणा फाट्यावर उतरली आणि माझी जागा संपली. खाली फक्त तिच्या आत्याच्या चालीवरची, पण तिनं स्वतः जुळवलेली एक ओवी कशीबशी बसली:

बाभळीच्या सावलीला बसली गं वाटसरू,
हातातलं बोचकं मी कुणापाशी मोकळं करू.

तेवढ्यात लाईट आली. गिरणी सुरू झाली. पण बायका उठेनात. अयोध्या नावाची गल्लीतली नवी सून मोठ्यानं वाचत होती. तिला पात्रांचे आवाज काढायची हौस. वाचून झाल्यावर तिनं विचारलं, "वहिनी, बोचक्यात काय हाय?"

क्षमा म्हणाली, "पुढच्या बाजाराच्या दुसऱ्या दिवशी सांगते."

मित्रांनो, अशी ती क्रमशः गोष्ट सुरू झाली. कुणी ठरवून नाही, जागा पुरली नाही म्हणून.

आमच्याकडं ज्वारीचं पीठ कुणी फार दिवसांचं दळून ठेवत नाही. शिळं झालं की त्याचा चिकटपणा जातो आणि भाकरी थापताना चिरते. म्हणून बायका थोडं थोडं दळण घेऊन वरचेवर येतात. आता तर त्या एका वेळी आणखी कमी आणू लागल्या. एका पायलीचं दळण दोनदा करून आणायचं, म्हणजे दोनदा वाचता येतं. प्रसेनजित हसायचा. म्हणायचा, "माझी गिरणी हाय का वाचनालय, एकदा ठरवा."

वाचणाऱ्यांत गोरोबाकाका होते. एसटीत कंडक्टर होते, आता घरी असतात. सुनेचं दळण ते हौसेनं आणतात. पहिला भाग वाचून त्यांनी चष्मा काढला.

"क्षमाताई, बोचकं केवढं हाय?"

"एवढं असंल काका." तिनं हातानं दाखवलं.

"मग लगेजचं तिकीट लागतंय. काढलं का तिनं?"

पुढच्या भागात एक कंडक्टर आला आणि सगुणाशी लगेजवरून भांडला. काकांनी ते तीन वेळा वाचलं. मग म्हणाले, "मी असा खेकसत नव्हतो." आणि घरी जाऊन सगळ्यांना सांगितलं की फळ्यावर आपल्याबद्दल लिहिलंय.

पण सगुणा कुणाची खरी झाली असेल तर ती कडूबाईंची. कडूबाई गल्लीच्या टोकाला एकट्या राहायच्या. दोन शेळ्या, एक शेवग्याचं झाड. त्यांना वाचता येत नाही. त्या येऊन माझ्यासमोर उभ्या राहत, अक्षरांकडं बघत, आणि अयोध्या येईपर्यंत हलत नसत. वाचून झालं की हिशेब मांडत.

"तिच्या बोचक्यात लेकीचं बाळंतपणाचं सामान हाय. बघ तू."

अयोध्या म्हणायची, "दागिनं हायत आक्का. सासूपासनं लपवलेलं."

"तुला बरं लपवायचं सुचतंय." कडूबाई असं म्हणायच्या आणि हसता हसता डबा डोक्यावर घ्यायच्या.

क्षमाची सासू भिमाबाई दारात बसून शेंगा निवडत हे सगळं ऐकत. एकदा सगळे गेल्यावर त्यांनी सुनेला विचारलं, "व्हय गं, खरंच काय हाय त्यात?"

क्षमा माझ्याकडं बघत म्हणाली, "आत्याबाई, मला तरी कुठं ठाव हाय?"

"आन मग एवढ्या लोकांना कशाला ताटकळत ठिवलंस?"

"लिहिता लिहिता सापडंल म्हणलं."

भिमाबाईंचा शेंगा निवडायचा हात थांबला. मला मात्र ते आधीच कळलं होतं. दर भागाच्या शेवटी तिचा खडू माझ्यावर टेकून थांबायचा. पुढची वाट ठाऊक असलेला खडू असा थांबत नाही.

मग एक दिवस कडूबाई दळण न घेताच आल्या.

"क्षमे, कृष्णराज येतोय मला न्यायला. कायमचं. पुण्याला." कृष्णराज त्यांचा मुलगा. "शेळ्या दिल्या इकून. येत्या बेस्तरवारी निघायचं."

क्षमानं पायलीवरचा हात काढला. "तब्येत बरी हाय ना आक्का?"

"तब्येतीला काय झालंय. एकटीला ठिवायला त्याचा जीव होत न्हाय, खरं हाय त्याचं." मग त्यांनी माझ्याकडं बोट केलं. "माझं एकच काम कर. मी जायच्या आधी ते बोचकं सोड. तेवढं कळलं की मी मोकळी."

"आक्का, अजून लई भाग राहिलेत."

"तुझं राहिलं असतील. माझं बेस्तरवारपतूर."

त्या गेल्या आणि क्षमा बराच वेळ डब्यावर बसून राहिली. मोर ओरडला, पण तिनं मान वळवली नाही.

ते दिवस मी विसरणार नाही. पहाटे गिरणी सुरू व्हायच्या आधी ती यायची, लिहायची, वाचायची, पुसायची. कधी बोचक्यात दागिने निघाले, कधी बाळाचं अंगडं. कधी रिकामं निघालं. ते सगळं तिनं पुसलं. "ह्यात काय नाही," असं पुटपुटायची. प्रसेनजित म्हणाला, "अगं, लिही कायतरी. आक्कांना कुठं कळणार हाय चांगलं-वाईट." ती त्याच्यावर चिडली नाही. एवढंच म्हणाली, "त्यांनाच कळतंय. म्हणून तर होत नाही."

बेस्तरवारी, म्हणजे गुरुवारी, सकाळी तिनं खडू उचलला आणि यावेळी तो कुठंच थांबला नाही. सलग, एका दमात, माझ्या खालच्या चौकटीपर्यंत. मी आयुष्यात कविता पाहिल्या, धडे पाहिले. मित्रांनो, शेवट चांगला होता. माझ्या लाकडाला तो कळला आणि ते आतून गरम झालं. क्षमानं हात झटकले, पदरानं कपाळ पुसलं आणि अयोध्येला हाक मारायला गेली.

थोड्या वेळानं कडूबाई आल्या. नवं लुगडं, पायात नव्या चपला, त्यामुळं चाल थोडी अडखळत होती. कृष्णराज गाडी चालू ठेवून बाहेर उभा होता. भिमाबाई आल्या, गोरोबाकाका आले. सगळ्यांनी कडूबाईंना माझ्यासमोरच्या डब्यावर बसवलं. अयोध्येनं घसा साफ केला.

"थांब गं," कडूबाई म्हणाल्या. "वाचू नकोस."

"आवो आक्का, तुमच्यासाठीच लिव्हलंय वहिनीनं. शेवट हाय."

"शेवट हाय म्हणूनच म्हणते." त्यांनी हात मांडीवर एकमेकांत गुंतवले. "रात्रीपासनं डोक्यात तेच चाललंय. हे संपलं तर तिकडं मला गावातनं कोण काय सांगणार? कोण मेलं, कोण बाळंत झाली, एवढं कळवतील. ते बी सणासुदीला. सगुणा फिरत असली तर अयोध्या मला फोनवर वाचून तरी दावंल. दावशील न्हवं?"

अयोध्येनं मान हलवली.

कडूबाई क्षमाकडं वळल्या. "क्षमे, मीच तुझ्यामागं लागले आन मीच आता नको म्हणते. तुला राग यील."

मी क्षमाकडं पाहत होतो. केवढ्या कष्टानं सापडलेला शेवट. गावानं अजून वाचलाही नव्हता. तिनं एकदा वरपासून खालपर्यंत माझ्यावरून नजर फिरवली, आपल्या मुलाला शाळेत सोडताना आई फिरवते तशी. मग काट्यावरचं फडकं उचललं आणि कडूबाईंच्या हातात दिलं.

"पुसा, आक्का."

"वरचं भाव तेवढं ठिवा," भिमाबाई हळूच म्हणाल्या. गोरोबाकाका तोंड फिरवून हसले, की आणखी काही, मला दिसलं नाही.

कडूबाईंना वाचता येत नव्हतं, पण गोष्टीचा शेवट खालच्या बाजूला असतो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी खालूनच सुरुवात केली. शेवटची ओळ आधी गेली. मग तिच्यावरची. सावकाश, चुलीपुढची जागा सारवावी तशा त्या हात फिरवत होत्या. एवढ्या वर्षांत मला हजारदा पुसलं गेलं असेल, पण पुसताना कुणी इतकं जपलं नव्हतं. बोचक्यात काय होतं, ते आता क्षमाला ठाऊक आहे आणि मला. तिनं सांगितलं नाही, म्हणून मीही सांगत नाही.

गाडी गेली. गिरणीत ज्वारी पडली.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी क्षमानं नवा भाग लिहिला. आता तिचा खडू थांबत नव्हता. पोहोचायचं कुठं हे एकदा कळल्यावर तिला वाटेत रेंगाळायची भीती राहिली नाही. अयोध्येनं मोबाईल तोंडाशी धरून आवाज काढत काढत वाचलं आणि पुण्याला पाठवलं. संध्याकाळी तिकडून कडूबाईंच्या आवाजातला निरोप आला. कडूबाई फोनवर नेहमी ओरडून बोलतात.

"अयोध्ये, क्षमेला सांग, सगुणाला लिफ्टमधी बसवू नकोस. दार आपोआप लागतंय, जीव घाबरा होतोय. आन हितलं पीठ पाकिटातलं हाय. भाकरी चिरती. शेजारीण कानडी हाय, आमी दोघी खुणांनी बोलतोय. तिला बी म्या सगुणाचं सांगितलं. ती म्हणती बोचक्यात तांब्याची घागर हाय."

गोरोबाकाका म्हणाले, "घागर असती तर वाजली असती." आणि वाद सुरू झाला. पुढच्या भागात सगुणा एका लिफ्टमध्ये अडकली, आणि तिला सोडवायला एक कानडी बाई आली.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. माझा एक कोपरा निखळला आहे, मध्ये एक चीरही गेली आहे. एवढं मागणं आहे की तुमच्या शाळेत, चावडीत, वाचनालयात माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याच्यावर खिळ्यानं ओरखडे ओढू नका. त्याला ओल्यात ठेवू नका. आणि महिनेच्या महिने कोरा ठेवू नका, त्याचंच त्याला जास्त दुखतं.

आणखी एक. तुमच्या गल्लीतलं कुणी दूर राहायला गेलं असेल, तर त्याला फोन करून नुसतं "बरी आहेस का?" असं विचारू नका. असं विचारलं की माणूस "बरी आहे" म्हणतं आणि फोन ठेवतं. त्याला आज दारात काय घडलं ते सांगा. कोण कुणाशी भांडलं, कुणाच्या शेवग्याला किती शेंगा लागल्या, ते सगळं सांगा. आणि सांगता सांगता थोडं बाकी ठेवा.

म्हणजे पुढचा फोन त्याच्याकडून येईल.