पाचव्या कडव्याचा मृदंग

मित्रांनो, माझं वय विचारू नका. जुन्या मृदंगाला वय विचारलं की तो फुगवून सांगतो, आणि मीही सांगेन. मुळशी खोऱ्यातल्या जांभुळटेप गावी बहिरोबाच्या देवळात मी वाजत होतो. आता नेरे गावात कोंडाजीच्या पडवीत खुंटीला लटकतो आहे. एवढं अगदी खरं. मधल्या हकिकतीत मी थोडंफार वाढवून सांगेन, पण जिथे वाढवीन तिथे स्वतःच कबूल करीन.

माझं खोड फणसाचं. तो फणस इतका थोरला होता, की त्याच्या एका फांदीवर ऊन असताना दुसरीवर पाऊस पडत असे. (हे वाढवून.) सुताराने खोड आतून कोरून मला पोट दिलं. मग दोन्ही बाजूंना कातडं ताणून बसवलं. माझ्या उजव्या तोंडावर काळी शाई आहे, ते टणटणीत बोलतं. डावं तोंड मात्र खाष्ट. वाजवण्याआधी त्याच्यावर भिजल्या कणकेचा गोळा थापावा लागतो, तेव्हा कुठे ते घुमतं. कणीक नसेल तर ते मुकं. म्हणजे जेवल्याशिवाय मी बोलत नाही. दोन्ही कातडी गावावरच्या डोंगरातल्या धनगरवाड्यावरून आली होती, सिद्धू धनगराच्या कळपातली. त्याने ती देवाच्या नावाने आपण होऊन दिली. हे ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आमच्या बहिरोबाची एक आळवणी होती. कुठल्या शतकातली ते कुणालाच ठाऊक नव्हतं. भाषा इतकी जुनी, की म्हणणाऱ्यांनाही निम्मे शब्द कळत नसत. ‘ऊठीं गा क्षेत्रपाळा, वाट पाहे शिवार’ एवढी पहिली ओळ तेवढी सगळ्यांना उमगे. सात घरांतल्या सात पुरुषांनी उभ्याने, एकामागून एक, सात कडवी म्हणायची. एका घराचं एकच कडवं. बापाने ते लेकाला दार लावून शिकवायचं. दुसऱ्याचं कडवं पाठ करणं म्हणजे त्याच्या शेताचा बांध कोरणं. अख्खी आळवणी कुणा एकाला येऊच नये, म्हणजे देव कुणा एकाचा होणार नाही, अशी पूर्वजांची युक्ती. चैत्राच्या जत्रेत सेवा म्हणून ती होई. पण देव जागेवरून हलवायचा असेल, तर सातही कडवी झाल्याखेरीज त्याला हात लावायचा नाही, असा रिवाज होता.

मी कळता झालो तेव्हापासून पाचव्या जागी माणूस नव्हता. तिथे मी होतो. चौथं कडवं संपलं की सगळे गप्प राहत आणि मी एकटा सोळा आवर्तनं वाजे. लोक म्हणत, “पाचवं कडवं मृदंगाचं.” माझा घुमारा ऐकून घाटाखालच्या कोकणातल्या म्हशी पान्हा सोडत. (हे वाढवून.) पण बायाबापड्या माझ्यापुढे नारळ ठेवत, हे खरं. मी फुगलो होतो, हेही खरं.

मग दिवस फिरले. तापाच्या साथीत गाणारी दोन माणसं गेली. त्यानंतर धरण आलं. लोक भिंतीपुढे जाऊन बसले, तुरुंगात गेले, परत आले. भिंत मात्र वाढत राहिली. जत्रेत चार माणसं जमेनात. आळवणी बंद पडली. सहा वर्षं मी देवळाच्या आढ्याला टांगलेला होतो. उंदरांनी माझं कातडं आवळणाऱ्या दोन वाद्या कुरतडल्या. शेवटी हुकूम आला, की मृगाच्या आत गाव रिकामा करायचा. पावसाबरोबर पाणी चढणार होतं.

कोंडाजीने घराची कौलंसुद्धा उतरवून छकड्यात भरली. पण त्याची आई गोजराबाई देवळात जाऊन बसली. तिला डोळ्यांनी दिसत नव्हतं. बहिरोबाचा तांदळा, म्हणजे शेंदूर फासलेला बिनघडीव दगड, कवटाळून ती बसली होती.

“आये, चल. छकडा भरलाय.”

“देव उठला का?”

“देवाला हैबतराव मागनं घिऊन येतोय.”

“घिऊन येतोय? वांग्याचं गाठुडं हाय व्हय ते? आळवणी म्हना. देव उठला की मी उठते.”

गावचा कारभारी हैबतराव पायरीवर उभा होता. तो वैतागला. “म्हातारे, पानी यील तवा काय करशील?”

“पवीन.”

पोहणं तिला जन्मात आलं नव्हतं. कोंडाजीने तिला उचलायला हात घातला. तिने तांदळा सोडला नाही. आई उचलावी तर देव हलतो, आणि देव हलवावा तर आळवणी हवी. कोंडाजी मटकन खाली बसला. पन्नाशीचा बाप्या, पण डोळे पुसू लागला. मग उठला आणि त्याने मला आढ्यावरून खाली काढलं.

मृगाला पंधरा दिवस उरले होते.

पहिलं कडवं कोंडाजीच्याच घरचं, ते त्याला येत होतं. बाकीच्यांसाठी रोज सकाळी तो आणि माझा वाजवणारा बहिरू मला घेऊन एकेका घरी जात. कोंडाजी अंगणात कानांवर हात ठेवून उभा राही, कारण दुसऱ्याच्या कडव्याची तालीम ऐकणं रिवाजात बसत नव्हतं. दुसऱ्या घरचा म्हातारा दातांबरोबर अर्धे शब्दही हरवून बसला होता. तिसऱ्या घरच्या लेकाला शब्द येत होते, चाल येत नव्हती. चौथ्या घरचा वाल्मीक तर म्हणाला, “मला नांगराच्या मागं चालतानाच आठवतं. बा तसाच शिकवायचा.” मग काय, भर उन्हाळ्यात त्याच्या भेगाळलेल्या भातखाचरात बैल जुंपले. पुढे बैल, मागे वाल्मीक, आणि मला पोटाशी बांधून ठेचकाळत चाललेला बहिरू. शेत बुडणार होतं आणि हे ते नांगरत होते. बांधावरून जाणाऱ्यांनी विचारलं, “आता काय पेरताय रं?” तिसऱ्या तासाला, म्हणजे नांगराच्या तिसऱ्या रेघेला, वाल्मीकला अख्खं कडवं आठवलं. त्याने बैल थांबवले आणि पुष्कळ वेळ नुसता जमिनीकडे बघत राहिला.

असे सहा घरांचे सहा गळे उभे राहिले. एका दुपारी देवळात सहाजण ओळीने उभे राहिले. बहिरूने मला पोटभर कणीक लावली. पहिलं, दुसरं, तिसरं, चौथं. आणि मग मी! मित्रांनो, सहा वर्षांची भूक होती. असा वाजलो, की बहिरूच्या बोटांना फोड आले आणि देवळाची घंटा आपसूक किणकिणली. (घंटेचं वाढवून.) सातवं संपलं. कोंडाजी पुढे झाला आणि म्हणाला, “आये, झाली. सोड देवाला.”

गोजराबाई बोटं मोजत होती. “सा झाली,” ती म्हणाली.

“सात, आये. पाचवं मृदंगाचं.”

“मृदंगाचं? मृदंगाला बाप कुठला, त्याला कडवं शिकवाया?”

मग तिने सांगितलं. ती लग्न होऊन आली तेव्हा पाचव्या जागी सिद्धू धनगर उभा राही. एका चैत्रात एक मेंढी अडली. तो तिला सोडवण्यात गुंतला आणि त्याला यायला उशीर झाला. चौथं कडवं संपलं, तो आला नव्हता. कोंडाजीच्या बापाने मृदंगवाल्याला खूण केली, “जागा भर.” सिद्धू देवळाच्या अंगणात पोचला तेव्हा मी रंगात आलो होतो. तो तसाच माघारी फिरला. पुढच्या वर्षी त्याला बोलवायला कुणी गेलं नाही, कारण त्याची उणीवच कुणाला भासली नाही.

“लई झ्याक वाजला व्हता मेला,” गोजराबाई म्हणाली.

मेला म्हणजे मी. मित्रांनो, ज्या घराने मला तोंड दिलं, त्याच घराचा आवाज मी खाल्ला होता. सिद्धूचं कडवं मी एकदा-दोनदा ऐकलेलंही असणार. पण मला ते आठवेना. मी तेव्हा स्वतःलाच ऐकत होतो.

दुसऱ्या दिवशी कोंडाजी मला डोक्यावर घेऊन एकटाच डोंगर चढला. सिद्धू मरून गेला होता. त्याचा मुलगा धुळा मेंढरांची लोकर कातरत बसला होता. त्याने मान वर केली नाही.

“या. वाट चुकली का काय?”

“चुकली, धुळाबा. माजा बा चुकला. पंचेचाळीस वरसं झाली.”

“लई लौकर ध्यानात आलं.”

“आमाला ठावंच नव्हतं. आमाला वाटायचं, पाचवं मृदंगाचंच हाय.”

धुळाची कातर थांबली. “माजा बा मरताना म्हनला, ‘माजी जागा लाकडानं भरली.’ त्याला वाटलं, तुमी मुद्दाम केलं. तुमाला ठावंबी नव्हतं? हे तर लईच वंगाळ झालं.”

कोंडाजीने मला डोक्यावरून उतरवून खाली ठेवलं. मग विचारलं, “येतं का तुला?”

“मेंढरं रोज ऐकत्यात. तीच तेवढी उरली ऐकाया.”

“मग चल. आय देवाला मिठी मारून बसलीया. आनखी चार दिवसांनी पानी चढंल. पाया पडतो.”

धुळाने माझ्याकडे बोट दाखवलं. “पाया नको पडू. आधी ह्याची कनीक काढ. माज्या देखत.”

कालची कणीक माझ्या तोंडावर वाळली होती. कोंडाजीने ती नखांनी खरवडून काढली. धुळाने ती तळहातावर घेऊन शेजारच्या लंगड्या मेंढीपुढे धरली. तिने दोन घासांत संपवली आणि वर माझ्याकडे बघून बें केलं. यात काहीही वाढवलेलं नाही. आयुष्यात इतका मी कधी लाजलो नव्हतो.

ती दुपार मला स्वच्छ आठवते. सातजण ओळीने उभे होते. बहिरूने फक्त माझ्या उजव्या तोंडावर बोटांनी हलका ठेका धरला. चौथं कडवं संपलं तसे त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. देवळात इतकी शांतता झाली, की छकड्याच्या बैलांच्या कानावरची माशीसुद्धा ऐकू आली असती. मग धुळाने सूर लावला. आवाज गोड नव्हता. समोरच्या डोंगरावरच्या कळपाला हाक मारावी, तसा होता.

‘वाड्या वस्त्या मागें टाकीं, कळप जाय पुढें,
तूं गा आमुचा मेंढका, चाल आमुच्याकडें.’

सहाही जण एकमेकांकडे बघू लागले. त्यांच्या सहा कडव्यांत देवाला ऊठ म्हटलेलं होतं, त्याचं रूप वर्णिलेलं होतं. चाल म्हणून सांगणं फक्त या एका कडव्यात होतं. इतकी वर्षं आम्ही देवाला उठवत होतो आणि तिथेच उभा ठेवत होतो.

सहावं झालं, सातवं झालं. कुणी तांदळ्याला हात लावायच्या आत गोजराबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “चला रं,” ती म्हणाली, “देव कवाचाच निघालाय.”

मी तेव्हा गप्प होतो. माझ्या साऱ्या आयुष्यातलं तेच एक वाजवणं धड झालं, असं मला वाटतं.

आता वाटेल, सगळं गोड झालं. नाही, मित्रांनो. पाणी यायचं तसं आलं. वाल्मीकचं नांगरलेलं खाचर पहिल्याच आठवड्यात बुडालं. देवळाचा कळस दसऱ्यापर्यंत दिसत होता, मग तोही दिसेनासा झाला. सात घरं सात दिशांना पांगली. कुणी महाळुंग्याला गेलं, कुणी सूसला, काहींचा पत्ताच नाही. माझ्या आठवणीतली अख्खी आळवणी झाली ती त्या एका दुपारीच. कोंडाजीला इतरांची कडवी आठवत नाहीत. तो रिवाजाला जागून कान झाकून उभा होता ना! त्या दुपारी तर त्याचं सारं लक्ष आईकडे होतं. बहिरूला ठेके आठवतात, शब्द नाहीत.

यंदाच्या चैत्रात नेऱ्यात उंबराखाली मांडलेल्या बहिरोबापुढे दोनच माणसं उभी राहिली. कोंडाजी आणि डोंगर उतरून, दिवसभर चालत आलेला धुळा. कोंडाजीने पहिलं म्हटलं. पुढे शांतता. नव्या गावची माणसं चुळबुळ करू लागली. बहिरूची बोटं सवयीने माझ्यावर आली, तोच कोंडाजीने माझ्या तोंडावर तळवा ठेवला.

“मृदंग बिगाडला का काय?” कुणीतरी विचारलं.

“न्हाई,” कोंडाजी म्हणाला. “ही दुसऱ्या घरची जागा हाय. मंग तिसऱ्याची. मंग वाल्मीकची. थांबा जरा.”

सगळे थांबले. मग धुळाने पाचवं म्हटलं. पुन्हा दोन जागा रिकाम्या. गोजराबाईने सात बोटं उभी धरली होती. त्यातली दोन मिटली. पाच तशीच राहिली, आणि तिने हात खाली घेतला नाही.

तर मित्रांनो, माझं मागणं एवढंच आहे. मला कोरड्या फडक्याने पुसा, धुरात टांगू नका, उंदरांपासून जपा. ते नाही जमलं तरी चालेल. पण महाळुंग्याच्या किंवा सूसच्या शिवारात नांगरामागून चालणारा एखादा माणूस स्वतःलाच न कळणारं काही पुटपुटताना दिसला, तर त्याला थांबवा. त्याला सांगा, चैत्रात नेऱ्याला ये, तुझी जागा रिकामी आहे. तिच्यात कुणीही वाजलेलं नाही.

आणि आमच्याकडे येताना कणीक आणू नका. बरं, आणलीच तर मूठभर आणा. सातवं कडवं झाल्यावर लावा.