एकच नाव

रविवारी सकाळी जुईनगरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. फौजदार सुनीती मॅडम, शाळेचे मुख्याध्यापक, सेक्रेटरी लोक, करावे गावातली वडीलधारी माणसं, झाडून सगळे आले होते. कोयते नाचवत रील काढणाऱ्या पोरांनी गेल्या महिन्यात एका डिलिव्हरीवाल्याचा हात तोडला, तेव्हापासून सगळ्यांचीच झोप उडाली होती.

गँगमध्ये अकरा पोरं, एवढंच पोलिसांना कळलं होतं. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं की दर घरानं एक चिठ्ठी डब्यात टाकायची. आपला पोरगा त्यात असेल तर नाव लिहायचं, नसेल तर कोरी. घरच्यांनीच नाव दिलं तर मारामारीची केस नाही. समुपदेशन आणि कामधंदा.

"आपली पोरा आपनच दाखवाची, यात लाज कसली?" करावेचे गोटीरामशेठ गेल्या बैठकीत गरजले होते. चिठ्ठ्या सगळ्यांसमोर वाचायच्या, हाही त्यांचाच आग्रह. त्यांचा नातू तेजस त्या पोरांचा म्होरक्या, हे पोलीस सोडून सगळ्यांना ठाऊक.

दहावीतली ज्ञानेश्वरी बाबांशेजारी मान ताठ करून बसली होती. बाबांना तिनंच पटवलं होतं. "अकराच्या अकरा नावं एकदम आली तर कोण कुणावर डूख धरणार? दादा सुटेल यातून."

तिचे बाबा सयाजी शेडगे वाशीच्या मार्केटात वीस वर्षं पोती वाहणारे साताऱ्याचे माथाडी. ते म्हणाले होते, "खरं हाय. आमच्यात एकानं पोत्याला हात घातला की बाकीचे घालत्यातच, बघत कोण ऱ्हात न्हाय. लिही."

तिनं ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं.

मॅडम चिठ्ठ्या उलगडू लागल्या. कोरी. कोरी. कोरी. साठ झाल्या, सत्तर झाल्या.

"शिवतेज सयाजी शेडगे."

हॉलभर माणसांनी श्वास सोडला. त्यानंतर पुन्हा कोरी, कोरी. शेवटी मॅडमनी डबाच उपडा केला. "बस? अकरातलं एकच?"

सगळे पंख्याकडे बघू लागले.

सयाजी उठले. "मॅडम, माझी चिठ्ठी परत द्या. बाकीच्यांनी हात घातला न्हाय."

"आता कशी देऊ, काका? सगळ्यांनी ऐकलंय. संध्याकाळी पोराला घेऊन या. उरलेली दहा नावं तोच सांगेल."

गोटीरामशेठनी सयाजींच्या पाठीवर थाप मारली. "मोठं काम केलंस." मग फोन कानाला लावत ते जिना उतरले. "तेजस, कुठं हाय तू? आईक..."

ज्ञानेश्वरी हॉलबाहेर धावली. तिनं घाईघाईनं शिवतेजला फोन लावला.

"दादा, कुठे आहेस?"

"खाडीवर. पोरांसोबत. का गं?"

"तिथून निघ. आत्ताच्या आत्ता. तुझं नाव दिलंय आम्ही. मीच लिहिलं. बाकी कुणीच..."

"काय? आवाज कटतोय तुझा. थांब ज्ञाने, तेजसला कुणाचा तरी फोन आलाय, मला बोलावतोय तो. नंतर करतो."