फळीवर शिवी नाही

गोदामाचा चौथरा आणि ट्रकची पाठ यांच्यामध्ये एक फळी टाकलेली असे. हातभर रुंद, दहा-बारा पावलांची, मधोमध झिजून गुळगुळीत झालेली. पाठीवर पोतं घेऊन तिच्यावरून जायचं म्हणजे तिच्या झोक्यात आपलं पाऊल मिसळायचं. ती खाली दबली की थांबायचं, वर आली की पुढं टाकायचं. हमाल तिला गाऊन चुचकारत:

हळू गं फळी, तुझी पाठ माझी पाठ,
दोन पाठींवरती उभा जगाचा थाट.

आणि त्या फळीचा कायदा एकच. फळीवर शिवी नाही. ज्याच्या तोंडून गेली त्यानं पोतं उतरवायचं आणि रांगेच्या शेवटी जाऊन उभं राहायचं, मग तो कुणी का असेना. पोती शिवणाऱ्या मावशीच्या हमाल नवऱ्यानं घातलेला कायदा हा. एकदा मागच्यानं आईवरून शिवी हासडली, पुढचा ओझ्यासकट गर्रकन वळला, खाली कोसळला आणि पुन्हा कधी उठला नाही. तेव्हापासून. नवरा जाऊन सात वर्षं झाली, पण कायदा मावशीनं जपला. फळीच्या तोंडाशी बसून ती पोत्यांची तोंडं शिवायची. शिवी कानावर आली की बोलत काहीच नसे, नुसतं हातातलं दाभण वर धरी. वीतभर लोखंड ते. पण ते वर गेलं की दांडगा गडीसुद्धा मुकाट्यानं ओझं उतरवी.

त्या आठवड्यात एका मंत्र्यानं भर सभागृहात समोरच्या बाकावरच्या बाईला उद्देशून एक घाणेरडा शब्द वापरला. ओरड झाली. दुसऱ्या दिवशी मंत्री छातीवर हात ठेवून कॅमेऱ्यापुढं आला आणि म्हणाला, "मी हमालांच्या गोदामात वाढलेला माणूस. पोती उचलणाऱ्यांची भाषा माझ्या तोंडात बसली आहे. ओठांवर येतं, पण पोटात काही नसतं."

चहाच्या वेळी मोबाइलवर सगळ्यांनी ते बघितलं.

"घ्या, साहेब आपल्यातलेच निघाले!" एक जण खिदळला.

"आपल्यातला?" मुकादम म्हणाला. तो मावशीचा धाकटा दीर. "त्याच्या मानेवर घट्टा दिसला का तुला कुठं?"

मावशीला सगळं ठाऊक होतं. मंत्री गोदामात वाढला होता हे खरं होतं. हेच ते गोदाम. त्याचा बाप इथला मालक. पण तो वाढला वर, काचेच्या खोलीत, पंख्याखाली. त्या खोलीच्या खिडकीतून बाप रोज तोच शब्द खाली फेकायचा. हमालांवर, हमालांच्या बायकांवर. तो शब्द खालून वर गेला नव्हता. वरून खाली आला होता, आणि खालच्यांनी मान खाली घालून तो झेलला होता. आता त्याचं बारसं हमालांच्या नावानं!

संध्याकाळी मावशीची लेक कचेरीतून आली. कोर्टात टायपिस्ट होती ती. हातपाय धुतले, चहा घेतला, पण कप हातातच राहिला.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही."

"तुझं काही नाही मला ठाऊक आहे. बोल."

"जेवताना त्या मंत्र्याचा विषय निघाला. कचेरीतल्या मोठ्या बाई माझ्याकडं वळून अगदी मायेनं म्हणाल्या, तुला नसेल गं एवढं लागलं, तुमच्या घरात हे रोजचंच असेल." लेकीनं कप खाली ठेवला. "आई, बाबांच्या तोंडून कधी अरे-तुरेसुद्धा जोरात ऐकलं नाही मी. आणि मी काय केलं? हसले. मान डोलावली. काय उत्तर द्यायचं असतं अशा वेळी, सांग ना!"

पोरीला आपण शिकवलं, नोकरीला लावलं, पण जगाच्या तोंडावर फेकायला एक उत्तर काही देता आलं नाही, या विचारानं मावशीच्या अंगाचा तिळपापड झाला.

सकाळी गोदामाचा मॅनेजर घाईघाईनं आला. "मावशी, साहेब येतायत. फळीवरून एक पोतं नेतील, फोटो निघेल. त्यांच्यापुरतं भुशाचं शिवा, हलकं. आणि कॅमेऱ्यापुढं दोन शब्द बोला, की आपलाच पोरगा हा, आमच्यात असंच बोलतात."

"आमच्यात कसं बोलतात?"

"तुम्हाला काय सांगायचं आता!" मॅनेजर हसला.

मावशीनं भुशाचं पोतं शिवलं. टाके अगदी नेमके घातले.

मंत्री आला. पांढऱ्याशुभ्र कपड्यांवर नवं कोरं फडकं, खांद्यावर आयतं ठेवलेलं पोतं, समोर चार कॅमेरे. मागं मुकादम, पाठीवर खरं पोतं घेऊन. त्याच्यामागं सगळी टोळी. मंत्री फळीवर चढला. तीन पावलं गेला. चौथ्याला फळी दबली, आणि त्यानं नेमकं तेव्हाच पाऊल टाकलं. तोल गेला, पोतं तिरकं झालं, आणि मागं वळून मुकादमावर तो खेकसला. तोच शब्द.

मावशीनं दाभण वर धरलं.

रांग जागच्या जागी थांबली. गाणं थांबलं. मुकादमानं ओझ्याखालूनच शांतपणे सांगितलं, "साहेब, पोतं उतरवा. रांगेच्या शेवटी जा."

"काय?"

"फळीचा कायदा आहे."

मंत्र्यानं हसण्यावारी नेलं. "अहो मावशी, तुम्हीच सांगा यांना. आपल्यात चालतं हे!"

मावशी उठली. "आपल्यात नाही चालत. हा शब्द मी तीस वर्षं ऐकला तो त्या वरच्या खिडकीतून. तुमच्या वडिलांच्या तोंडून. तुम्ही तो घरात शिकलात, साहेब. आमच्या नावावर खपवू नका."

"वहिनी," मुकादम हळूच म्हणाला, "साहेबांचं पोतंही दाखवा की."

तिनं पुढं होऊन त्या पोत्याचा एक टाका उसवला. भुसा भुरभुरत मंत्र्याच्या बुटांवर पडला. मंत्री शेवटी जाऊन उभा राहिला नाही. तो गाडीत जाऊन बसला. मॅनेजर हात जोडत धावला, टोळी ओझी पाठीवर घेऊन तशीच उभी राहिली, आणि गाडी फाटकाबाहेर पडल्यावरच फळी पुन्हा हलली.

संध्याकाळच्या बातम्यांत यातलं काहीच नव्हतं. होता तो फक्त पहिल्या तीन पावलांचा मंत्री, खांद्यावर पोतं आणि चेहऱ्यावर हसू. खाली ओळ: मातीतला माणूस.

मावशीनं टीव्ही असा बंद केला की बटण आतच रुतलं. "मेल्यांनी माझं तोंडच कापून टाकलं!" मग तिनं लेकीला पहिल्यापासून सगळं सांगितलं; फळी, शब्द, खिडकी, भुसा.

लेक म्हणाली, "आई, ते दाभण उद्या मला देशील?"

मावशीनं दाभणाच्या टोकाला बुचाचा तुकडा खोचला आणि ते लेकीच्या पर्समध्ये, पेनाशेजारी ठेवलं.

"बाई पुन्हा तसं बोलल्या तर शिवी द्यायची नाही. हसायचंही नाही," ती म्हणाली. "नुसतं वर धरायचं. विचारतीलच, हे काय म्हणून. मग सांग."