येडगावच्या तबकडीचा वार

पुण्याहून आलेल्या श्रेयाने झेरॉक्स माझ्या टेबलावर ठेवली. बारा वर्षांपूर्वीची, चौऱ्याण्णवच्या मे महिन्यातली माझीच बातमी. ‘येडगाव धरणावर उडती तबकडी.’

पोरगी भारी चिकट. जिल्ह्यातल्या तबकड्यांच्या जुन्या बातम्या गोळा करायची, किती विश्वास ठेवावा ते तपासायची आणि प्रत्येकीवर शेरा मारायची.

“काका, साक्षीदार एकच, जयवंत. बातमीत सोमवारी संध्याकाळी सात म्हटलंय. पण सगळं गाव सांगतं, तेव्हा ते लग्नाच्या पंगतीत भात वाढत होते. मग ‘अविश्वसनीय’च लिहायचं ना?”

‘लिही की,’ अगदी ओठांवर आलं होतं. तिने लिहिलं असतं आणि मी सुटलो असतो. पण खुर्चीत बसवेना. दोनदा उठलो, पाणी प्यालो, उगाच पंखा वाढवला. जयवंतला गाव ‘तबकडी’ म्हणतं, हे मला ठाऊक होतं. त्याच्या पोराची सोयरीक जुळवताना पाहुण्यांनी विचारलं होतं, “त्यो थापाड्या का?” तेव्हापासून मी येडगावची वाटच टाळत होतो.

“चल,” मी म्हणालो. “त्याच्यासमोरच सांगतो.”

जयवंत अंगणात मोटारीचा स्टार्टर खोलून बसला होता. “या की भिमाजीभाऊ! लई दिसांनी!” त्याच्या बायकोने, द्रौपदाने, मात्र तोंड फिरवलं.

मी उभाच राहिलो. बसलो असतो तर चहा आला असता आणि मी पुन्हा गप्प राहिलो असतो.

“जयवंतराव, तुम्ही मला मंगळवारी स्टँडवर भेटलात आणि रविवारचं सांगितलंत. दोन दिवसांची शिळी बातमी कुणी छापत नसे. म्हणून आम्ही वार्ताहर सर्रास आदल्या दिवसाचा वार घालायचो. मीही तेच केलं आणि दुपारच्या एसटीने बातमीचं पाकीट पेपरच्या कचेरीला पाठवलं. सोमवार माझा आहे, तुमचा नाही.”

“अन् तवाच का न्हाई बोलला?” द्रौपदा कडाडली. “बारा वरसं बोलणी आमी खाल्ली!”

“वार्ताहरकी जाईल म्हणून भ्यालो, वहिनी.”

श्रेया घाईघाईने वही उघडत होती. “म्हणजे रविवारी पाहिलंत! नेमकं काय दिसलं होतं, काका?”

जयवंतने हातातला स्क्रू खाली ठेवला. त्याने मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

“ताई, रविवारच व्हता, ह्ये मी लई सांगितलं. लोक म्हनायचे, पेपरात सोमवार छापलाय. मंग मलाच वाटाया लागलं, छापल्यालं कसं चुकंल? माझाच वार चुकला आसंल. अन् वार चुकला, तर बाकीचंबी चुकलंच आसंल.” त्याने धरणाकडे पाहिलं. “तवा लख्ख दिसलं व्हतं. आता डोळं मिटलं तरी काय दिसत न्हाई.”