चार खाटांसाठी हिंडलेले घोंगडे

मित्रांनो, मी काळ्या लोकरीचे जुने घोंगडे. हरणाबाईने माझे सूत कातले आणि तिचा नवरा बिराप्पा याने मला विणून चिंचोक्याची खळ लावली. सांगलीच्या पूर्वेला, पावसाने पाठ फिरवलेल्या माळावर त्यांचे खोपट आणि मेंढरांचा वाडा होता. घोंगडे अंथरावे, पांघरावे आणि ते सावकाश विरावे. माझ्या नशिबी तसे निवांत आयुष्य नव्हते.

मी नवे होते तेव्हा हरणाबाईची सून तानुबाई बाळंतपणात अडली. सुईणीने हात टेकले. मिरजेत दवाखाने पुष्कळ, पण मिरज पंचवीस कोस दूर. तिला बैलगाडीत घालून वर मला पांघरले. प्रत्येक गचक्याला तिची बोटे माझ्यात रुतत. दुसऱ्या दिवशी दुपारी ती बोटे सुटली; पोटातल्या बाळासकट तानुबाई गेली. मिरज अजून सहा कोस राहिले होते.

त्यानंतर हरणाबाई घरात टिकेना. भाकरी थापता थापता उठून वाटेवर जाऊन उभी राही. गावात नानासो नावाचा माणूस होता. पलटणीच्या इस्पितळात काम करून तो नुकताच परतला होता. तो म्हणाला, "मावशे, मिरज काय हिकडं येत न्हाई. पर चार खाटांचा धर्माचा दवाखाना उभा राहिला, तर एक डाक्टरीणबाई यायला तयार हायत्या. छप्पर मातुर पुढच्या पावसाच्या आत पायजे."

"मग बसलाईस कशाला रं?" हरणाबाई म्हणाली.

तिने मला आठवड्याच्या बाजारात पसरले. "माझी सून गेली, तुमची जाऊ ने," एवढेच ती म्हणे. पहिल्या दिवशी माझ्यावर मूठभर बाजरी, दोन वांगी आणि एक ढब्बू पैसा पडला. लोक हसले. मला लाज वाटली, तिला नाही. हळूहळू मुठी वाढल्या. कोणी दगड दिले, कोणी एक दिवस गवंड्याच्या हाताखाली राबले. दिवाळीपर्यंत भिंती उभ्या राहिल्या. पण कौले कुठून आणायची? तेव्हा चाललेल्या मोठ्या लढाईमुळे सगळेच महागले होते, आणि माळावरची घरे तर मातीच्या धाब्याची.

दिवाळीनंतर धनगर मेंढरे घेऊन कृष्णाकाठच्या उसाच्या मुलखात उतरतात. रानात मेंढरे बसवायची, त्यांच्या लेंड्यांचे खत होते, आणि त्याबद्दल रानमालकाने धान्य द्यायचे, अशी रीत. हरणाबाईने ठरवले, यंदा कौले मागायची.

"कौलं खाऊन जगायचं व्हय गं?" बिराप्पा चिडला.

"निम्मं धान्य, निम्मी कौलं. एक येळ जेवू."

पण संध्याकाळी त्याने स्वतःच बाकीच्या धनगरांच्या वाड्यांना हे सांगितले.

पहिल्याच गावात हंबीरराव नावाचे बागायतदार म्हणाले, "दवाखाना तिकडं माळावर. आमाला त्येचा काय उपेग?"

"आवं मालक, आमची मेंढरं तुमच्या रानात बसत्यात, तवा आमी लांबचं असतो व्हय?" हरणाबाई म्हणाली.

हंबीररावांच्या आई मनुबाई ओसरीवर बसल्या होत्या. त्यांनी गड्याला शिडी लावायला सांगितली आणि गोठ्यावरची दहा कौले उतरवून माझ्यावर ठेवली. "जनावरं जरा भिजतील. भिजू देत."

मग घरोघरी पाच-पाच, दहा-दहा कौले मिळू लागली. मी ती गुंडाळून तट्टावर बसे. फुटू नयेत म्हणून मी त्यांना कवटाळी, आणि त्यांच्या कडा मला फाडत. वैशाख सरत आला. पश्चिमेला ढग दिसले की माझा जीव खालीवर होई. हरणाबाई तर तट्टाच्याही पुढे धावे.

मृगाच्या आधी दोन दिवस छप्पर पुरे झाले. लाल, काळी, शेवाळलेली, शंभर घरांची कौले. डॉक्टरीणबाई आल्या आणि महिन्याभरात चारही खाटा भरल्या. तेव्हाच बनुबाई नावाची अडलेली बाई गाडीतून आली. मला जमिनीवर अंथरून तिला माझ्यावर निजवले. मी धास्तावले. बाहेर हरणाबाई पावसात येरझाऱ्या घालत होती. दिवस कलला तेव्हा आतून मूल रडले.

डॉक्टरीणबाई हात पुसत दारात आल्या. "मायलेकी सुखरूप आहेत. पण बाई, आणखी एक खाट हवी."

हरणाबाईने मला विहिरीवर धुतले आणि दुसऱ्या दिवशी ओलेच खांद्यावर टाकून बाजार गाठला.

मित्रांनो, हरणाबाई आता राहिली नाही. मला जागोजागी भोके पडली आहेत. दवाखान्याची माणसे मला जपायचे म्हणून कपाटात ठेवतात. त्यांची माया मला कळते, पण अंधारात माझा जीव गुदमरतो. बाहेर कोणी जमिनीवर निजले नसेल ना, हेच मनात येत राहते. मला खरेच जपायचे असेल तर उन्हात झटका, भोके टाचा आणि चार माणसांत पसरा. तुमच्याजवळ मूठभरच असेल, तर मूठभर टाका. आज बाजाराचा वार आहे. कपाटाची कडी कोणी काढते का, इकडे माझे लक्ष लागले आहे.